दुःख कोणाचे? बौद्धांच्या मतभेदांतील चित्तविचार

गेल्या चातुर्मासात आमच्या आश्रमात सूत्रपाठाच्या अन्यव्यावृत्ति प्रकरणाचे निरूपण चालू होते. परमताचा प्रसंग आला तेव्हा एका विद्यार्थ्याने बौद्धांची चार मते घडाघडा म्हणून दाखविली. वैभाषिक बाह्य पदार्थ प्रत्यक्ष मानतो, सौत्रान्तिक तो अनुमेय मानतो, योगाचार केवळ विज्ञान मानतो आणि माध्यमिक सर्व शून्य मानतो. इतके सांगून त्याने निष्कर्षही काढला. ज्याच्या मते सर्वच शून्य, त्याच्या मते दुःखही शून्य. दुःखच नाही तर मोक्ष कशापासून? म्हणून हे मत स्ववचनानेच बाधित होते. पाठ चोख होता. आम्हीही मान डोलावली.

श्रोत्यांत एक वृद्ध वासनिक बसले होते. ते हात जोडून म्हणाले, "बाबा, आमच्या शेजारी बौद्धाचे घर आहे. माझी मंडळी निवर्तली तेव्हा त्या घरचा कर्ता मनुष्य तीन रात्री माझ्यापाशी बसून होता. तो तर सदा हेच सांगतो की दुःख आहे, त्यास कारण आहे आणि ते नाहीसे होऊ शकते. दुःख नाहीच असे म्हणणारा बौद्ध मला आजवर भेटला नाही. मग आत्ता आपण खंडन केले ते कोणाचे?"

या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत मला देता आले नाही. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकावे, त्याला ते मान्य होईल अशा शब्दांत मांडावे आणि मगच आपला सिद्धान्त सांगावा, ही शास्त्राची रीत आहे. ती रीत आमच्याकडून पाळली गेली नव्हती. प्रस्तुत लेख त्या वासनिकांच्या प्रश्नाचे ऋण फेडण्यासाठी लिहिला आहे. बौद्धांच्या सर्व तत्त्वज्ञानाचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. चित्त आणि दुःख यांविषयी त्यांच्या निरनिराळ्या आचार्यांनी काय म्हटले, आणि आमच्या शास्त्राशी त्यांचा खरा भेद कोठे आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम त्या चार मतांच्या पाठाविषयी. ही विभागणी आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती येते ती बहुधा चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहासारख्या ग्रंथांवरून. विभागणी खोटी नाही. परंतु तिचे मोजमाप एकच आहे. समोरचा घट खरा की खोटा, आणि खरा असल्यास तो कळतो कसा, एवढ्या एका प्रश्नावर चौघांना चार कोपऱ्यांत बसविलेले आहे. ब्राह्मणी दर्शनांना प्रमाणांचा वाद महत्त्वाचा होता, म्हणून त्यांनी बौद्धांसही त्याच चाळणीने चाळले. त्यामुळे विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो की बौद्ध आचार्य हजार वर्षे घटपटाविषयीच भांडत होते. वस्तुतः त्यांच्या सर्व वादांच्या मुळाशी दुःखाचा प्रश्न आहे, आणि घटाचा विचारही त्या प्रश्नाच्या ओघातच आलेला आहे.

यात आमच्या पूर्वीच्या अभ्यासकांचा फारसा दोष नाही. स्वामींच्या काळी महाराष्ट्रातील बौद्ध संघ जवळजवळ लुप्त झालेला होता. स्वामींचे वास्तव्य वेरूळास झाले, पण तेथील बौद्ध लेण्यांतून एके काळी राहणाऱ्या भिक्षूंची परंपरा तोवर उरलेली नव्हती. ग्रंथांचीही तीच अवस्था. आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचे संस्कृत भाष्य भारतात नष्ट झाले होते. त्याची हस्तलिखित प्रत राहुल सांकृत्यायन यांना तिबेटातील मठात मिळाली आणि प्रह्लाद प्रधान यांनी संपादिलेले ते भाष्य पाटण्याहून १९६७ साली छापले गेले. तोवर ज्यांना चिनी किंवा तिबेटी भाषा येत नव्हती, त्यांना प्रतिपक्षाच्या ग्रंथांत उद्धृत झालेल्या वचनांवरच भागवावे लागे. आज मूळ ग्रंथ हाती असताना मात्र जुन्या सारांशावर विसंबणे योग्य नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. वसुबंधू हे पुरुषपूरचे, म्हणजे आजच्या पेशावरचे. काळ सामान्यतः इसवी सनाचे ४ थे ते ५ वे शतक. त्यांच्या कोशाच्या सहाव्या प्रकरणात दुःखसत्याचे विवेचन आहे. तेथे दुःखता तीन प्रकारची सांगितली आहे. जे भोगतानाच दुखते ती दुःखदुःखता. जे सुख आहे पण पालटते, आणि पालटताना दुखविते, ती विपरिणामदुःखता. तिसरी संस्कारदुःखता, जे जे कारणांनी घडलेले आहे ते क्षणोक्षणी मोडत आहे, म्हणून ते भोगताना सुखकर नसो वा दुःखकर नसो, आश्रय घेण्यास योग्य नाही. पहिली दुःखता पशूलाही कळते. दुसरी विचारी मनुष्याला कळते. तिसरी मात्र केवळ आर्यालाच जाणवते. यावर त्यांचा एक जुना दृष्टान्त आहे: पापणीचा केस तळहातावर पडला तर कळतही नाही, तोच डोळ्यांत गेला तर वेदना सोसवत नाही. अज्ञ मनुष्य तळहातासारखा, आर्य डोळ्यासारखा.

आमच्या वाचकांच्या ध्यानी येईल की दुसऱ्या प्रकारापर्यंत आमचे शास्त्र बौद्धांच्या बरोबर चालते. देवतांच्या फळांविषयी आम्ही काय म्हणतो? ते सुख नाही असे म्हणत नाही. ते सुख आहे, पण सरते. आणि सरल्यावर जीव पुन्हा संसरणात पडतो.

याच स्थळी कोशात एक वाद आला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. काही आचार्यांचे म्हणणे असे की सुखवेदना म्हणून काही नाहीच. मनुष्य ज्याला सुख म्हणतो ते केवळ दुःखाचे कमी होणे होय. त्यांची युक्ती अशी: अन्न सुखाचे कारण मानावे, तर तेच अन्न अतिमात्र खाल्ले असता पीडा देते, थंडीत ऊब सुखाची, तीच वाढली की भाजते. ज्याचे कारण असे अनिश्चित, ते खरे कसे? आणि दुसरी युक्ती ओझ्याची. हमाल एका खांद्यावरचे ओझे दुसऱ्या खांद्यावर घेतो आणि "बरे वाटले" म्हणतो. ओझे तर उतरलेले नाही. पहिल्या खांद्याची कळ थांबली आणि दुसऱ्याची अजून सुरू झाली नाही, त्या मधल्या अवकाशाला तो सुख म्हणतो.

वसुबंधूंना हे मान्य नाही. ते म्हणतात, कारण अनिश्चित नाही. अन्न एकटे सुखाचे कारण नव्हे; अमुक अवस्थेतील शरीर आणि अन्न मिळून ते कारण होते. शरीराची अवस्था पालटली की कारणच पालटले. अग्नी तोच असला तरी भात शिजविणारी आच आणि भात करपविणारी आच एक नव्हे. खांदा पालटणाऱ्याचेही तसेच. खांदा पालटताच देहाची जी विशेष अवस्था उत्पन्न होते तिच्यात खरोखरच सुख उपजते, आणि ती अवस्था टिकेतोवर टिकते. शिवाय, सुख मुळी नसेलच तर आसक्ती कशाची जडते? भगवान बुद्धांनी तीन वेदना सांगितल्या त्यांतील एक मग निरर्थक ठरते.

माझ्या मते वसुबंधूंची बाजू बळकट आहे, आणि आमच्या साधकांनी ती नीट समजून घ्यावी. वैराग्याच्या उत्साहात पुष्कळ नवे अनुसरलेले असे बोलू लागतात की संसारात सुखाचा लेशही नाही. ज्याला घरचा गोडवा आठवतो त्याला हे बोलणे आतून खोटे वाटते, आणि जे आतून खोटे वाटते त्यावर उभे केलेले वैराग्य फार दिवस टिकत नाही. सुख होते, आणि ते सोडले, असे म्हणण्यात खरेपणा आहे.

हे झाले दुःखाचे स्वरूप. ते घडते कोठे? चित्तात. आणि चित्त म्हणजे काय, याचे उत्तर वैभाषिकांनी अतिशय बारकाईने दिले आहे. कात्यायनीपुत्राच्या ज्ञानप्रस्थानावर काश्मीरात महाविभाषा नावाची विस्तृत टीका झाली. तिला मानणारे ते वैभाषिक. त्यांच्या गणनेत एकंदर धर्म ७५: रूपे ११, चित्त १, चैत्त ४६, चित्तविप्रयुक्त संस्कार १४ आणि असंस्कृत ३. येथे धर्म या शब्दाचा अर्थ आचारधर्म असा नसून, ज्याचे आणखी विघटन होत नाही असे मूळ तत्त्व, असा आहे. चित्त एकच, पण ते कधी एकटे उपजत नाही. प्रत्येक क्षणी त्याच्याबरोबर किमान दहा चैत्त असतात, आणि त्या दहांत वेदना आहे. अर्थात ज्या क्षणी काही जाणले जाते त्या क्षणी काहीतरी भोगलेही जाते. राग, द्वेष, मत्सर, कौकृत्य म्हणजे झाल्या कर्माची रुखरुख, तंद्री, उद्धटपणा, एकेकाला वेगळे काढून त्याचे लक्षण सांगितलेले आहे. ही यादी कोरडी वाटेल. पण ज्याला आपल्या मनाची झडती घ्यावयाची आहे त्याने ती एकदा वाचावी.

मात्र येथेच त्या प्रश्नाची पहिली ठिणगी पडते. चित्त क्षणिक, चैत्तही क्षणिक, आणि आत्मा तर नाही. मग देवदत्ताच्या चित्तातला द्वेष देवदत्ताचा, यज्ञदत्ताचा नव्हे, हे ठरावयाचे कशाने? देवदत्त झोपला आहे, त्याच्या चित्तात या क्षणी द्वेष नाही. तरी तो द्वेषमुक्त आर्य झाला असे कोणी म्हणत नाही. का? वैभाषिकांनी याला उत्तर म्हणून एक स्वतंत्र तत्त्वच मानले. त्याचे नाव प्राप्ति. क्लेश निघून गेला तरी त्याची प्राप्ति त्या संतानात चालू राहते. ती तुटली की तो मुक्त. सौत्रान्तिकांनी या प्राप्तीची बरीच थट्टा केली आहे, कारण मग त्या प्राप्तीचीही आणखी एक प्राप्ति मानावी लागते. परंतु थट्टा बाजूस ठेवली तर दिसते ते हे की, ज्यांनी स्वामी नाकारला त्यांनाच मालकीची निशाणी निराळे तत्त्व म्हणून नोंदवावी लागली.

दुसऱ्या एका निकायाने तर स्पष्टच सांगितले की निशाणीने भागत नाही. हे वात्सीपुत्रीय. त्यांचे नाव आमच्या चार मतांच्या पाठात येतही नाही, ही त्या पाठाची मोठी उणीव होय. भारतात या मताची, विशेषतः त्यातून निघालेल्या सम्मितीयांची, संख्या एके काळी फार मोठी होती. ते म्हणत, पुद्गल आहे. तो पाच स्कंधांहून वेगळा सांगता येत नाही आणि स्कंधच तो असेही सांगता येत नाही. जसा इंधनावाचून अग्नी नाही, तरी इंधन म्हणजे अग्नी नव्हे. त्यांचा मोठा आधार म्हणजे भारहारसूत्र. त्यात बुद्धांनी भार, भार वाहणारा, भार उचलणे आणि भार ठेवणे अशी चार पदे सांगितली आहेत. पाच स्कंध हा भार आणि पुद्गल हा भार वाहणारा. वात्सीपुत्रीयांचा प्रश्न सरळ होता: भार आणि वाहणारा एकच असते तर बुद्धांनी दोन शब्द का योजिले?

कोशाच्या शेवटी वसुबंधूंनी या मताचे सविस्तर खंडन जोडले आहे. त्यांचे उत्तर असे की आधीचे स्कंध नंतरच्या स्कंधांना पीडा देतात, म्हणून आधीच्यांस भार आणि नंतरच्यांस वाहणारा म्हटले. पुद्गल हे केवळ व्यवहाराचे नाव. उत्तर चतुर आहे. पण मला ते वाचताना प्रत्येक वेळी तो हमाल आठवतो. त्याच्या खांद्यापुरता वसुबंधूंनी इतका न्याय केला, आणि येथे ते सांगतात की हमाल नव्हताच. कालच्या ओझ्याने आजच्या ओझ्याला दाबले, इतकेच.

सौत्रान्तिकांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांनी प्राप्तीऐवजी बीज मानले. कर्म संपले तरी चित्तसंतानात सामर्थ्य ठेवून जाते, आणि ते संतान पालटत पालटत एका विशेष क्षणी फळ देते. मिलिंदप्रश्नातील आंब्याच्या चोराचा दृष्टान्त याच जातीचा आहे. चोर म्हणतो, मालकाने पेरली ती कोय निराळी आणि मी तोडले ते आंबे निराळे; मग मी चोर कसा? राजा त्याला सोडील काय? सोडणार नाही, कारण ते आंबे त्या कोयीवाचून झाले नसते. कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम या दोन दोषांवर बौद्धांचे उत्तर हे आहे. आमच्या खंडनग्रंथांतून पुष्कळदा हे दोष दाखवून लेखणी खाली ठेवली जाते, जणू बौद्धांना ते सुचलेच नव्हते.

पण एक शंका उरतेच. संतान एका ओळीत चालते, तर गाढ निद्रेत, मूर्च्छेत, निरोधसमापत्तीत, जेथे चित्त थांबते, तेथे बीजे कोठे राहतात? योगाचारांनी यासाठी आलयविज्ञान मानले. असंग आणि वसुबंधू हे दोघे भाऊ या मताचे प्रमुख आचार्य. पाच इंद्रियविज्ञाने, सहावे मनोविज्ञान, सातवे क्लिष्ट मन आणि आठवे आलय. आलय म्हणजे कोठार. सर्व वासना त्यात बीजरूपाने साठतात, आणि ते स्वतः नदीच्या ओघाप्रमाणे अखंड वाहते.

या आठांत आमच्या अभ्यासकाने ज्याचा विशेष विचार करावा ते सातवे होय. क्लिष्ट मन आलयाच्या त्या प्रवाहाकडे पाहते आणि म्हणते, "हा मी." त्याच्याबरोबर चार क्लेश सदैव असतात: आत्मदृष्टी, आत्ममोह, आत्ममान आणि आत्मस्नेह. झोपेतही ते थांबत नाही. मनुष्य दान करतो, जप करतो, तेव्हाही त्याच्या तळाशी हे "मी" म्हणणे चालूच असते. "दुःख कोणाचे?" या प्रश्नाला योगाचारांचे उत्तर असे निघते की "कोणाचे" हा विचार हेच सातव्या विज्ञानाचे काम, आणि तेच दुःखाचे मूळ. आलयाचा आश्रय पालटला, ज्याला ते आश्रयपरावृत्ती म्हणतात, की मालकीही गेली आणि दुःखही गेले. बाह्य घट खरा नाही हे त्यांचे म्हणणे या साधनेचा एक भाग आहे: घेणारा आणि घेतलेले हे द्वैत मोडावयाचे, म्हणून बाह्यार्थाचे खंडन. आमच्या पाठात केवळ खंडन राहिले आणि ते कशासाठी होते तेवढे गळाले.

देहाभिमानाविषयी आपल्या आचारप्रकरणांतून जे निरूपण आम्ही करतो, त्याच्याशी या सातव्या विज्ञानाची तुलना करण्यासारखी आहे. भेद इतकाच की आमच्या मते चुकीच्या जागी "मी" म्हणणारा कोणी आहे. तो देहाला मी म्हणतो, ही त्याची चूक. परंतु तो स्वतः चूक नव्हे.

आता माध्यमिक, ज्यांच्यापायी हा लेख लिहावा लागला. नागार्जुनांचा काळ सामान्यतः इ. स. २ ऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. दक्षिणेतील सातवाहन राजाशी त्यांचा स्नेह होता अशी परंपरा आहे. त्यांच्या मूलमध्यमककारिकांची २७ प्रकरणे आहेत. बारावे प्रकरण दुःखपरीक्षा. दुःख स्वतः केलेले म्हणावे तर करणारा आणि दुःख एकच ठरतात. दुसऱ्याने केलेले म्हणावे तर एकाचे कर्म दुसऱ्याच्या माथी येते. दोघांनी केलेले म्हणावे तर दोन्ही दोष. अकारण म्हणावे तर उपायच खुंटला. हे वाचून वाटते की दुःख नाहीच म्हणावयाचे आहे. परंतु चोविसावे प्रकरण आर्यसत्यपरीक्षा वाचावे. तेथे प्रतिपक्षी अगदी आमच्या विद्यार्थ्याचाच आक्षेप घेतो: सर्व शून्य असेल तर उत्पत्ती नाही, विनाश नाही, म्हणून चार आर्यसत्ये नाहीत, संघ नाही, बुद्धही नाही. नागार्जुन उत्तर देतात की तू शून्याचा अर्थच चुकलास. शून्य म्हणजे नसणे नव्हे. स्वतःच्या बळावर नसणे, दुसऱ्याच्या आश्रयाने असणे, हे शून्यत्व. दुःख जर स्वभावाने, स्वतःच्या बळावर असते, तर ते कधी उपजले नसते आणि कोणत्याही मार्गाने गेलेही नसते. ते कारणांवर अवलंबून आहे, म्हणजेच शून्य आहे, म्हणून तर ते निवारता येते.

सारांश, आमच्या विद्यार्थ्याने जो विजय मिळविला तो नागार्जुनांनी अठराशे वर्षांपूर्वी स्वतःच्या ग्रंथात पूर्वपक्ष म्हणून लिहून ठेवला होता.

माध्यमिकांच्याच परंपरेतील शांतिदेव हे ८ व्या शतकातील नालंदेचे आचार्य. त्यांच्या बोधिचर्यावतारात आठव्या प्रकरणी जो विचार आहे तो सर्व बौद्ध मतांत मला सर्वांत हृद्य, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत कठीण वाटतो. ते म्हणतात, दुसऱ्याचे दुःख मला दुखत नाही म्हणून मी ते निवारीत नाही, असे कोणी म्हणेल. तर पायाचे दुःख हाताला दुखत नाही, मग हात पायातला काटा का काढतो? तसेच, उद्याचा मी आजच्याहून निराळा असता आज मी उद्याची तरतूद का करतो? संतान हे रांगेसारखे, समुदाय हा सेनेसारखा. माणसांहून निराळी रांग नाही, सैनिकांहून निराळी सेना नाही. ज्याचे दुःख म्हणावे असा कोणी सापडत नाही. सर्व दुःखे अस्वामिक आहेत. आणि म्हणूनच, येथे ते जे वळण घेतात ते पाहावे, माझे-तुझे असा भेद न करता, दुःख आहे एवढ्याच कारणास्तव ते निवारावे.

त्या वासनिकांच्या शेजाऱ्याने हे ग्रंथ वाचलेले असतील असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच विचारले आहे की आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे संभवतात. आणि मनुष्याने मनुष्याला दिलेल्या दुःखावर त्यांनी जो भर दिला तो जुन्या अभिधर्मात तशा रूपाने सापडणार नाही. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण आज विदर्भातील कित्येक गावांत आमचा आश्रम आणि त्यांचे विहार हाकेच्या अंतरावर आहेत. आमच्या तोंडून निघालेला चुकीचा पूर्वपक्ष आता ताडपत्रात राहत नाही; तो शेजाऱ्याच्या कानी पडतो.

मग आमचे उत्तर काय? शांतिदेवांच्या करुणेपुढे आम्ही मस्तक लववितो. जीवहिंसेविषयी आमचे आचारशास्त्र किती कडक आहे हे वाचक जाणतातच. त्या बाबतीत आमचा त्यांच्याशी कलह नाही. परंतु "दुःख अस्वामिक आहे" हे आम्हांस मान्य करता येत नाही. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला, आणि स्वामींनी त्याला शरणागत म्हणून राखले. या लीळेत दोन गोष्टी आहेत. एक, भय हे सशाचे होते. रांगेचे किंवा सेनेचे नव्हते. दुसरी, ससा कोणाकडे तरी धावला. दुःख निवारावे हे शांतिदेवही सांगतात. पण ज्याला कोणी नाही तो धावेल कोण, आणि धावेल कोणाकडे? शरण जाणे या क्रियेला दोन टोके लागतात. बौद्धही त्रिशरण म्हणतात, आणि म्हणताना त्यांचेही "मी" हे क्रियापदात राहतेच.

आमच्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादि व परस्परभिन्न आहेत. मन आणि देह प्रपंचाच्या कक्षेत येतात. त्यांच्यापुरते अभिधर्माचे क्षणभंगाचे वर्णन मला फारसे आक्षेपार्ह वाटत नाही, कारण प्रपंच आमच्याही मते अनित्यच. जीव मात्र त्यांत मिसळलेला असला तरी त्यांचा झालेला नाही. त्याला अनादि अविद्या जडलेली आहे. ओझे आहे आणि ओझे वाहणाराही आहे. वात्सीपुत्रीयांना सूत्राच्या शब्दांत जे दिसले ते सांगावयास त्यांच्यापाशी भाषा नव्हती, म्हणून ते "अवाच्य" म्हणून थांबले. आणि ओझे उतरविणारा तिसरा आहे. हेच भेदाचे खरे स्थान. बौद्धांच्या चारही मतांत, आणि पाचव्यातही, ओझे उतरते ते मार्गाच्या बळाने. बुद्ध वाट दाखवितात. आमच्याकडे साधन जीवाने आचरावयाचे, पण अविद्येचा छेद परमेश्वरावाचून कोणाच्या हातून होत नाही. शून्याविषयीचा, क्षणिकतेविषयीचा, घटाविषयीचा वाद या भेदाच्या मानाने दुय्यम आहे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या ठिकाणी आम्ही बौद्धांना "दुःख कोणाचे?" असे विचारतो, त्याच ठिकाणी ते आम्हांस उलट विचारू शकतात: तुमचा परमेश्वर कृपाळू आणि समर्थ, जीवाची अविद्या अनादि, तर आजवर इतके जीव ओझ्याखाली का राहिले? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. परमेश्वराची कृपा अहेतुक असली तरी जीवाच्या ठायी आर्ति आणि योग्यता उपजल्यावाचून ज्ञान दिले तरी ते घेतले जात नाही, असे उत्तर आमच्या निरूपणात दिले जाते. त्या उत्तरावर आणखी एक पायरी चढून, ती आर्ति तरी प्रथम कशाने उपजते, असे विचारता येईल. महदाइसांसारखी जिज्ञासा ज्याच्या ठायी असेल तो हे विचारल्यावाचून राहणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याला मी आता पाठ पालटून दिला आहे. चार मते त्याने म्हणावीत, पण प्रत्येकाच्या शेवटी "या मते दुःख कोणाचे?" हा प्रश्न जोडून, प्राप्ति, पुद्गल, बीज, क्लिष्ट मन आणि अस्वामिकत्व अशी पाच उत्तरे द्यावीत. मग उद्धरण प्रकरण उघडावे. पुढील चातुर्मासात तो हा पाठ म्हणेल, तेव्हा त्या वासनिकांनी आपल्या शेजाऱ्यासही सोबत आणावे असा निरोप त्यांच्याकडे गेला आहे. ते येतो म्हणाले आहेत.